‘सगळं पाहिलं होतं सर’ : छोट्या विमानाच्या उड्डाणपूर्व तपासणीत तेच ते का सुटतं

जुलैतली सकाळ, सहाला दहा कमी. रात्रभर पाऊस झोडपून गेलेला, ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरशीवर, जागोजागी डबकी. रात्र उघड्यावर काढलेल्या सेस्ना १५२ या छोट्या शिकाऊ विमानाच्या पंखाखाली एक विद्यार्थी वाकला. टाकीच्या तळाचा ड्रेन दाबून त्याने नमुन्याच्या पारदर्शक नळीत इंधन घेतलं, आभाळाकडे धरून पाहिलं आणि मला म्हणाला, "एकदम क्लिअर आहे सर. पाण्याची रेघच नाही."

रेघ नव्हती हे खरं होतं. रेघ दिसायला नळीत दोन्ही लागतात, खाली पाणी आणि वर पेट्रोल. याच्या नळीत काठोकाठ पाणीच होतं.

"वास घे," मी म्हटलं. त्याने घेतला आणि तोंड उतरलं. मग नळी एका पांढऱ्या कागदासमोर धरायला लावली. पिस्टन इंजिनाच्या विमानात भरतात त्या १०० एलएल एव्हगॅसला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. कागदासमोर निळं काहीच दिसेना. चौथ्या नळीत रेघ आली, सातव्या नळीत निव्वळ निळं. टाकीच्या झाकणाचं रबर उन्हाळ्यात कडक होऊन तडकलं होतं, रात्रीचा पाऊस तिथून आत मुरला होता.

ते विमान तसंच निघालं असतं तर इंजिन सुरू झालं असतं, टॅक्सीही झाली असती. नळ्यांमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं चांगलं इंधन तेवढ्याला पुरतं. पाणी पोचतं ते नेमकं टेक-ऑफच्या सुमाराला, खाली धावपट्टी संपत आलेली असताना.

मी विमानांचा देखभाल अभियंता. छोट्या विमानांच्या हँगरमध्ये नोकरी झाली, आता निवृत्त आहे, तरी नागपुरातल्या ओळखीच्या पोरांच्या मागे लागून असतो. वरचा प्रसंग कुठल्या क्लबातला ते विचारू नका. त्या पोराने चेकलिस्ट पाळली नाही असं नाही. त्याने ड्रेन दाबला, नळी उजेडात धरली, रेघ शोधली, खूण केली. कागदावर तपासणी पूर्ण. हाच नेहमीचा बिघाड आहे आणि तो दर काही महिन्यांनी नव्या रूपात समोर येतो. कधी झाकण राहतं, कधी टो बार, म्हणजे विमान ढकलायचा दांडा, नाकाच्या चाकाला तसाच लटकलेला असतो, कधी वेग मोजणाऱ्या पिटो नळीचं कव्हर. विचारलं की उत्तर एकच, "पाहिलं होतं न सर."

पोरगं खोटं बोलत नसतं. त्याने खरंच पाहिलेलं असतं. टेकडीच्या गणपतीला आपण कितीदा प्रदक्षिणा घालतो, पण मागच्या भिंतीला रंग कोणता आहे सांगा म्हटलं तर किती जण सांगतील? विमानाभोवतीच्या फेरीचं तेच होतं. शंभराव्या सॉर्टीला, म्हणजे उड्डाणाला, पाय आपोआप चालतात, हात आपोआप फिरतो आणि डोळ्यांना ‘ठीक आहे’ हेच दिसायची सवय लागते. नव्याण्णव वेळा ठीकच असतं ना.

तेव्हा "काळजीपूर्वक तपासा" असल्या सल्ल्याने हा बिघाड जात नाही. कुठल्या जागी काय सुटतं आणि का सुटतं ते धरून दुरुस्ती करावी लागते. माझ्या पाहण्यात आलेल्या जागा सांगतो, जास्त घातक आधी.

इंधन : काटा, झाकण आणि वास

छोट्या विमानाच्या इंधनकाट्यावर भरवसा ठेवू नका, हे पहिल्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलं जातं आणि दुसऱ्या महिन्यात सगळे विसरतात. १५२ च्या दोन टाक्यांत मिळून वापरण्याजोगं इंधन साडेचोवीस अमेरिकी गॅलन, म्हणजे साधारण ९३ लिटर. ताशी २० ते २३ लिटर जातं असं धरलं तर चार तासांचा खेळ. पण हा हिशेब टाकी खरंच भरलेली असेल तर. काट्यातला फ्लोट, म्हणजे इंधनावर तरंगणारा गोळा, अडकतो, आणि अडकलेला काटा अगदी स्थिर, विश्वासू दिसतो. डिपस्टिक टाकीत बुडवा, ओली खूण कुठवर आली ते बोटाने धरा आणि आकडा मोठ्याने म्हणा. डिपस्टिक त्याच विमानाची हवी आणि विमान सपाट जागी उभं हवं. ॲप्रनला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, एक पंख खाली झुकला की दोन्ही टाक्यांचे आकडे फसवतात.

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०११ ते २०१५ या वर्षांचे लहान विमानांचे अपघात तपासले, तेव्हा निव्वळ इंधनाच्या गैरव्यवस्थेमुळे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात निघाले. यात इंधन संपणं आलं आणि टाकीत असूनही इंजिनापर्यंत न पोचणंही आलं. यंत्राचा दोष फार थोड्यांत होता.

जॉन डेन्व्हर या अमेरिकी गायकाचं उदाहरण मी दर तुकडीला सांगतो. १२ ऑक्टोबर १९९७, कॅलिफोर्नियातला मॉन्टेरे उपसागर. विमान लाँग-ईझेड, घरी बांधतात त्या जातीचं, त्याने नुकतंच घेतलेलं. इंधनाची टाकी बदलायचा सिलेक्टर डाव्या खांद्यामागे बसवलेला, फिरवायलाही जड. उड्डाणाआधी इंधन भरायचं का अशी विचारणा झाली, तेव्हा तासाभराचीच फेरी आहे म्हणून त्याने नको म्हटलं. हवेत टाकी बदलायला तो मागे वळला, त्या वळण्यात शेपटीचा रडर हलवणारं पायाखालचं पेडल दाबलं गेलं आणि विमान ताब्यातून सुटलं. चौकशीत अपुरी पूर्वतयारी आणि इंधन न भरणं हेही कारण म्हणून नोंदलं गेलं. लक्षात घ्या, टाकी कोरडी आहे का एवढंच पाहून भागलं नसतं. ‘बसल्या जागेवरून माझा हात सिलेक्टरपर्यंत पोचतो का’ हा प्रश्नही जमिनीवरच सोडवायचा होता.

झाकणाचं थोडं वेगळं आहे. पंखाच्या वरच्या बाजूला हवेत दाब कमी असतो, त्यामुळे झाकण नीट बसलं नसेल तर पेट्रोल वर ओढून बाहेर फेकलं जातं. उंच पंखाच्या सेस्नात बसल्या जागी हे दिसतच नाही. काही जुन्या विमानांत टाकीच्या आत रबरी पिशवी असते. झाकण गेलं की पिशवीचा तळच वर ओढला जातो, त्याबरोबर फ्लोटही उचलला जातो, आणि टाकी रिकामी होत असताना काटा भरलेली दाखवतो. म्हणून शिडी लावा. आळस नको. मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांतले निम्मे शिडी दूर असली की खालूनच झाकणाकडे पाहतात.

आता रंग. नागपूरच्या विमानतळावर दिवसभर एअरलाइनची मोठी विमानं ये-जा करतात, त्यांना एटीएफ लागतं, म्हणजे केरोसीनच्या जातीचं इंधन. ते चुकून पिस्टन विमानात गेलं तर काय होतं? वर सांगितलं तेच. जुन्या पेट्रोलवर इंजिन सुरू होतं आणि वर गेल्यावर दगा देतं. दोन्ही मिसळलेलं असेल तर फिकट निळा रंग शिल्लकही राहतो, नुसत्या डोळ्यांना कळत नाही. साधा उपाय : एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. एव्हगॅस उडून जातं. एटीएफचा तेलकट गोल डाग राहतो, समोशाच्या कागदावर राहतो तसा.

पाण्यासाठी तीन गोष्टी करा. नमुना पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरा, वास घ्या, आणि नळी पूर्ण भरून घ्या. थेंबभर घेऊन "झालं" म्हणू नका. ड्रेन पंखांखाली एकेक असतो आणि शिवाय इंजिनाच्या गाळणीचा. त्याची खुंटी तेलाच्या डिपस्टिकच्या झडपेतून ओढायची असते, सुमारे चार सेकंद. ओढून झाल्यावर ती परत बंद झाली का, खाली थेंब पडायचे थांबले का, हे बघायला कोणी थांबत नाही. थांबा. पावसाळ्यात विमान अर्ध्या टाकीवर रात्रभर ठेवू नका, रिकाम्या जागेतली दमट हवा थंडाव्याने पाणी सोडते.

फार चांगला निकाल आला तर

त्या पावसाळी सकाळचा धडा माझ्या दृष्टीने हा होता : निकाल अपेक्षेपेक्षा स्वच्छ आला की थांबून दुसऱ्या वाटेने तपासायचं. अजिबात रेघ नाही? अजिबात न हलणारा काटा? तिसरं उदाहरण मॅग्नेटोचं, म्हणजे इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचं. इंजिनाला असे दोन असतात. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधी जमिनीवर इंजिन चालवून बघताना, १५२ चं इंजिन १७०० आरपीएमवर आणून एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात. आरपीएम थोडे पडायला हवेत, १२५ पेक्षा जास्त नाही, आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत. एकदा एक मुलगी खुशीत सांगत आली, "सर, लेफ्टवर टाकलं तर ड्रॉप झिरो!" मी म्हटलं, किल्ली काढ, प्रॉपेलरजवळ कोणाला फिरकू देऊ नको. ड्रॉप शून्य म्हणजे जो मॅग्नेटो बंद व्हायला हवा होता तो बंदच झाला नाही. त्याची अर्थिंगची तार तुटलेली. अशा इंजिनाची किल्ली खिशात असली तरी प्रॉपेलर हाताने हलवला की ठिणगी पडू शकते. त्या दिवशी तार तुटलेलीच निघाली.

बारीक भोकं

पिटो ट्यूब म्हणजे पंखाखाली पुढे आलेली नळी. समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेऊन ती वेग दाखवते. कुंभारीण माशीला असली नळी फार आवडते. ओल्या मातीची गोळी आणून ती भोक बंद करते आणि आत अंडं घालते. विमान दोन दिवस कव्हरशिवाय उभं राहिलं तरी पुरतं. टेक-ऑफच्या धावेत वेगाचा काटा शून्यावरून हलला नाही तर तिथेच पॉवर कमी करून थांबायचं असतं, पण पुष्कळदा पोरं "येईल वर" म्हणत उचलतात.

आपली विमानं लहान म्हणून हा प्रकार लहानांपुरता समजू नका. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन विमानतळावर या माशांचा त्रास ठाऊक असल्याने उभ्या विमानाच्या पिटोवर कव्हरं घालतात. १८ जुलै २०१८ च्या रात्री मलेशिया एअरलाइन्सचं एअरबस ए-३३० तिथून २२९ जणांना घेऊन उडालं ते तिन्ही पिटोंवरची कव्हरं तशीच ठेवून. वेग कळेनासा झाला, वैमानिकांनी विमान वळवून सुखरूप उतरवलं. माशी येऊ नये म्हणून घातलेल्या कव्हरनेच घात केला असता. जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी फेरी मारली होती, वैमानिकानेही मारली होती. आपल्याकडेही हेच होतं. विद्यार्थ्याला वाटतं इन्स्ट्रक्टर पाहतील, इन्स्ट्रक्टरना वाटतं पोराने पाहिलं असेल, आणि हेल्परला वाटतं साहेब लोक आहेतच.

स्टॅटिक पोर्ट हे त्याहून बारीक भोक, उंचीचा काटा त्याच्यावर चालतो. २ ऑक्टोबर १९९६ ला पेरूमध्ये एरोपेरूचं बोइंग ७५७ धुण्यासाठी त्याच्या पोर्टांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात समुद्रावर उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसत राहिले. ७० माणसं गेली. म्हणून विमान धुतल्यानंतर किंवा रंगवल्यानंतर तर्जनी पोर्टवरून फिरवा. पट्टी विमानाच्याच रंगाची असेल तर डोळा हमखास फसेल, बोट नाही फसणार. टाकीचा व्हेंट, म्हणजे आत हवा जायचं भोक, विसरू नका. तो मातीने बुजला तर टाकीत इंधन असून इंजिन उपाशी मरतं.

आणि एप्रिलपासून साळुंक्या. काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या पत्र्याच्या, तोंडातून गवताची एक काडी बाहेर दिसली तर आत घरटं आहे असंच समजा. सकाळी काढलेलं घरटं दुपारपर्यंत पुन्हा अर्धं बांधलेलं मी पाहिलंय. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांना हवा मिळत नाही, आणि सुकं गवत गरम धुराड्यापाशी. पुढे सांगायला नको.

कंट्रोल लॉक आणि खिळा

नागपुरात उन्हाळी वादळ कसं येतं ते माहीत आहे. चार वाजेपर्यंत पान हलत नाही आणि साडेचारला पत्रे उडतात. त्यामुळे विमान बांधून ठेवणं आणि कंट्रोल लॉक, म्हणजे वाऱ्याने पंख-शेपटीचे हलते भाग आपटू नयेत म्हणून अडसर, लावणं इथे चैन नाही, गरज आहे. सेस्नाचं मूळ लॉक म्हणजे सुकाणूच्या दांड्यातल्या भोकात घालायची एक सळई, तिला लाल पत्रा असा बसवलेला की तो इग्निशनचं कुलूप झाकतो. लॉक काढल्याशिवाय किल्लीच घालता येऊ नये अशी सोय. पण लॉक हरवतं. आणि मग त्या भोकात येतो खिळा.

मी स्वतः हातात धरलेला एक असा खिळा अजून जपून ठेवलाय. चार इंची, डोकं वाकवलेलं, डॅशच्या काळ्या रंगात मिसळलेला. ना लाल पत्रा, ना पट्टी. किल्ली आरामात लागली होती, इंजिन सुरू होणार होतं. "काहून ठेवला हा इथं?" म्हणून हेल्परला विचारलं तर म्हणाला, "वारं सुटलं होतं न भाऊ, दुसरं काही भेटलं नाही." त्याचं चूक नव्हतं, त्याने विमान वाचवलंच होतं.

चेकलिस्ट ही चीज जन्माला आली तीच अशा लॉकमुळे. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ कंट्रोल लॉक न काढताच उडालं, नाक वर करत गेलं आणि कोसळलं. चालवणारे अनुभवी चाचणी वैमानिक होते. त्यानंतर कागदावरची यादी आली.

यादी आल्यावर प्रश्न सुटला असता तर २०१४ चं बेडफर्ड झालं नसतं. ३१ मे ला मॅसेच्युसेट्समधल्या त्या विमानतळावर गल्फस्ट्रीम जी-४ हे खासगी जेट गस्ट लॉक, म्हणजे वाऱ्यासाठीचं तसलंच लॉक, लागलेल्या अवस्थेत धावपट्टीवर पळत राहिलं, उचललंच नाही, पुढे जाऊन पेटलं. सातही जण गेले. चौकशीत यंत्रातली नोंद काढली तेव्हा दिसलं की याच जोडीने त्याआधीच्या १७५ टेक-ऑफपैकी फक्त दोनदा कंट्रोल्सची पूर्ण तपासणी केली होती. १७३ वेळा काही बिघडलं नाही. हा आकडा मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो आणि काही बोलत नाही.

दुरुस्ती : टेक-ऑफआधी स्टिक किंवा योक, म्हणजे विमानाचं सुकाणू, चारी कोपऱ्यांत पूर्ण न्या, अर्ध्यावर नाही. आणि नुसतं हलतंय यावर समाधान मानू नका, बरोबर बाजूला हलतंय का ते मान वळवून बघा. योक धरून दोन्ही अंगठे वर करा. डावीकडे फिरवलं की अंगठे डावीकडे झुकतात. ज्या बाजूला अंगठे, त्या बाजूचं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, वर जायला हवं. विमान दुरुस्तीतून आलं असेल तर हे दोनदा. ११ नोव्हेंबर २०१८ ला पोर्तुगालमध्ये देखभालीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर १९० मध्ये एलेरॉनच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. वैमानिकांनी मोठ्या मुश्किलीने ते बेजा इथे उतरवलं. देखभाल अभियंता म्हणून सांगतो, आमच्या सहीवर आंधळा विश्वास ठेवू नका. आम्हीही माणसंच.

मूळ लॉक हरवलं तर खिळा घाला, हरकत नाही, पण त्याला हातभर लाल कापड बांधा आणि ते किल्लीच्या भोकावरून येईल असं लोंबवा.

ऊन

हे पुस्तकात सापडत नाही म्हणून जरा थांबतो. मे महिन्यात दुपारी तीनला ॲप्रनवर उभं राहून बघा. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे, आणि ती सावलीतली. पंखाच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. परिणाम असा की कोणी हातच लावत नाही. फेरी निव्वळ डोळ्यांनी होते, तीही सावली पकडत, लांब ढांगा टाकत. एलेरॉनचा बिजागर हलवून बघायचा असतो, प्रॉपेलरच्या कडेवरून बोट फिरवून खाच शोधायची असते, टायर चाकावर सरकलाय का ती खूण वाकून पाहायची असते. चटक्याने हे सगळं गळतं. उपाय फार मोठा नाही : सुती हातमोजे, डोक्याला दुपट्टा, आणि तपासणी हँगरच्या सावलीत करून मगच विमान बाहेर ढकलणं. ढकलून झाल्यावर टो बार काढला का ते परत पाहणं.

ऊन दुसरंही करतं. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १०३३ फुटांवर. हवा ४५ अंशांवर गेली की ती इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांच्या आसपास उभे आहोत. हिशेब असा : त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश, वरचे ३२ अंश, दर अंशाला साधारण १२० फूट. म्हणजे सोनेगावची, आपल्या याच विमानतळाची, धावपट्टी भर दुपारी चिखलदऱ्याच्याही वर जाऊन बसते. १५२ चा चढण्याचा वेग समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत, पूर्ण वजनाला मिनिटाला ७१५ फूट. सकाळच्या गारव्यात शिकलेला मुलगा दुपारी तोच चढ मिळेल म्हणून झाडांकडे बघत राहतो. त्यात या विमानाची वजनाची मर्यादा १६७० पौंड, म्हणजे ७५७ किलो. दोन्ही टाक्या तुडुंब आणि आत नव्वद-पंच्याण्णव किलोंचे दोन गडी बसले तर मर्यादा ओलांडलीच. वजनाचा तक्ता हाही उड्डाणपूर्व तपासणीचाच भाग, पण तो विमानापाशी नसतो, टेबलावर असतो, म्हणून तो तपासणी वाटत नाही.

मध्येच कोणी हाक मारली तर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात असं माझं मत. उजव्या टाकीचं झाकण उघडलंय, डिपस्टिक हातात आहे, आणि खालून हाक येते, "अरे पोहे आले, तर्री संपून जाईल!" किंवा टॉवरकडून वेळ मिळाली म्हणून घाई, किंवा आईचा फोन. परत येताना मेंदू पुढच्या पायरीवर येतो, कारण ‘झाकण पाहायचं’ हे काम त्याच्या लेखी झालेलं असतं.

नियम मी असा घालून दिलाय : व्यत्यय आला की फेरी जिथून सुरू केली तिथे परत, केबिनच्या दारापासून. ‘जिथे होतो तिथून’ नाही, कारण जिथे होतो ते नेमकं आठवत नाही, तीच तर अडचण आहे. पहिल्या आठवड्यात पोरं वैतागतात. दुसऱ्या आठवड्यात फोन आपोआप हँगरमध्ये राहायला लागतो.

दुसरी सवय : ‘ओके’ म्हणायचं नाही, आकडा किंवा स्थिती म्हणायची. "ऑइल ओके" नव्हे, "ऑइल साडेपाच क्वार्ट". १५२ ला चारच्या खाली उडायचं नसतं आणि सहा म्हणजे भरलेलं. ‘ओके’ न पाहताही म्हणता येतं. साडेपाच म्हणायला डिपस्टिक पुसून, परत बुडवून, बघावीच लागते.

माणसाची तपासणीही यातच. झोप किती, औषध कोणतं, घरी काही बिनसलंय का. दारूच्या बाबतीत आपल्याकडे नियम बारा तासांचा आहे. सर्दीच्या गोळीबद्दल मात्र पोरं बोलत नाहीत, आणि ती गोळी गुंगी आणते.

शनिवारचा प्रयोग

वाचून हे सुधारत नाही, म्हणून मी एक खेळ सुरू केला. तपासणीसाठी जमिनीवर असलेलं, त्या दिवशी उडणार नाही हे पक्कं असलेलं विमान घ्यायचं. त्यात मी काही ‘बिघाड’ पेरतो आणि ते मोजून एका कागदावर लिहून इंजिनीअरच्या टेबलावर ठेवतो, म्हणजे नंतर मोजून काढता येतात. स्टॅटिक पोर्टवर पांढरी पट्टी, एका टाकीचं झाकण नुसतं टेकवलेलं, रडरच्या फटीत चिंधी, असले. विद्यार्थ्याला वीस मिनिटं. किती पेरलेत ते सांगायचं नाही. सांगितलं तर तेवढे मिळाल्यावर तो शोधायचं थांबवतो.

पहिल्या वेळी बहुतेकांना अर्धे सापडतात. एका शनिवारी वर्ध्याची एक मुलगी आली, जेमतेम वीस तास उडालेली. वीसऐवजी पस्तीस मिनिटं लावली, मध्ये एकदा पोह्यांसाठी हाक आली म्हणून दारापासून परत सुरू केलं. हातमोजे काळे करून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, चार आहेत."

मी तीनच ठेवले होते. चौथा कुठे म्हटल्यावर तिने मला डाव्या चाकाशी नेलं. ब्रेकच्या आतल्या बाजूला लाल तेलाची बारीक ओल होती, उभं राहून दिसायची नाही, गुडघ्यावर बसल्यावर दिसली. स्नॅग बुकात, म्हणजे बिघाडांच्या वहीत, तिनेच लिहिलं. सील बदलला, सोमवारी विमान उडालं.